हेलिओस ४४-२ ने पोर्ट्रेट: तीन अंतरांचा हिशेब

जुनी हेलिओस ४४-२ घेतल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच जणांची निराशा होते. अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक, एफ/२ वर पूर्ण उघडं (आकडा लहान तितकं भोक मोठं), समोर माणूस, मागे झाडं. तरी फोटोत डोळे पुसट येतात, कान मात्र लख्ख, आणि ज्या गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी लेन्स घेतली तिचा पत्ताच नसतो. लेन्स खराब असते असं नाही. ऑटोफोकस लेन्स लावल्यावर जी कामं कॅमेरा आपल्या नकळत करतो, ती इथे आपल्याला करावी लागतात आणि त्यातलं मोठं काम अंतरांचं आहे. कॅमेऱ्यापासून माणूस किती लांब, माणसापासून मागची झाडं किती लांब, आणि फोकस जिथे लागला आहे तिथून डोळा किती पुढे-मागे. ही तीन अंतरं सांभाळली की हीच लेन्स फार सुंदर चेहरे देते.

आधी लेन्सची ओळख. ५८ मिमी, एफ/२, चार गटांत सहा काचा, ८ पात्यांचं अपर्चर, पुढे ४९ मिमीचा फिल्टर बसतो, आणि सगळ्यात जवळचा फोकस ०.५ मीटरवर. हिची मूळ रचना जर्मनीतली. कार्ल झाइसच्या येना इथल्या कारखान्यात विली मेर्टे यांनी १९२७ मध्ये बायोटारची रचना केली आणि त्यातूनच पुढे ५८ मिमी एफ/२ ही लेन्स आली. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं तंत्र सोव्हिएत संघात गेलं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याच रचनेवर हेलिओस ४४ तयार झाली. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखोंनी विकली गेली. पुढे वाल्दाई आणि मिन्स्क इथल्या कारखान्यांतही बनली. त्यामुळे ती आजही मुबलक आणि स्वस्त आहे. मात्र दोन नगांचा दर्जा सारखा असेल याची खात्री नाही.

नावातल्या आकड्यांकडे नीट बघा. ४४-२ ही पूर्णपणे हाताने चालणारी लेन्स. ४४एम आणि त्यानंतरच्या लेन्समध्ये मागच्या बाजूला एक बारीक पिन असते, ती दाबली गेली तरच अपर्चर बंद होतं. ४४एम-४ सारख्या लेन्सवर पिनेला बगल देणारा खटका नसतो, म्हणून तिला पिन दाबून धरणारी कडा असलेलाच अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणारी मधली कडी) लागतो. साधा अडॅप्टर लावला तर रिंग कितीही फिरवा, लेन्स एफ/२ वरच उघडी राहते. आणि नुसती ४४, म्हणजे त्याआधीची १३ पात्यांची लेन्स, बऱ्याचदा ३९ मिमीच्या आट्यांची असते. ती ४४-२ ला लागणाऱ्या एम ४२ अडॅप्टरमध्ये बसत नाही.

कॅमेऱ्यावर बसवताना

एम ४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आटे. लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. लेन्स जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर हवं. सोनीच्या ई माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) हे अंतर १८ मिमी असतं, म्हणून अडॅप्टर २७.४६ मिमी जाडीचा असतो. निकॉन झेडला २९.४६, कॅनन आरएफला २५.४६, फुजी एक्सला २७.७६ मिमी. आत काच नसलेला, नुसता पोकळ धातूचा अडॅप्टर पुरतो.

स्वस्त अडॅप्टर पुष्कळदा मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की लागावा. मग लेन्सवरचे मीटरचे आकडे खरे राहत नाहीत. पोर्ट्रेटला त्याने बिघडत नाही, फक्त त्या आकड्यांवर विसंबू नका. लेन्स घट्ट बसल्यावर खुणेची रेघ वर न येता कडेला आली, तर अडॅप्टरच्या अंगावरचे तीन बारीक, बिनडोक्याचे स्क्रू सैल करून आतली कडी फिरवता येते. अडॅप्टरच्या आत टॉर्च मारून पाहा. भिंत चकचकीत दिसली तर उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोवर पांढुरका पडदा येणार. आत काळं मखमली चिकटकापड लावलं की हा दोष जातो.

निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, अडचण वेगळी आहे. त्या माउंटचं अंतरच ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सच्या गरजेपेक्षा १.०४ मिमी जास्त. अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी गणिताने सव्वातीन मीटरच्या पलीकडे फोकस जाणार नाही. प्रत्यक्षात त्याहूनही अलीकडेच थांबतो. हा दोष काढायला काही अडॅप्टरमध्ये काच बसवलेली असते. ती घेऊ नका. चेहरा दीड मीटरवर असतो, तिथे फोकस लागतोच, आणि ती काच चित्राची धार घालवते. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, तिथे पातळ अडॅप्टर चालतो. मात्र फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) डीएसएलआरवर काही जुन्या लेन्सच्या मागच्या भागाला कॅमेऱ्याचा आरसा अडकतो, म्हणून अनंताकडे नेताना सावकाश फिरवून पाहा.

कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचं कळत नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू केल्याशिवाय बटण दाबूनही काही होत नाही. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ हाताने ५८ किंवा जवळचा आकडा भरा. तिथे आधीच्या लेन्सचा १३५ राहून गेला असेल तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हातातला फोटोही हलल्यासारखा येतो. दर वेळी लेन्स बदलली की हे बघायचं. एक्स्पोजरला अपर्चर प्रायॉरिटी बिनधास्त वापरा. आत येणारा उजेड मोजून कॅमेरा शटर स्वतः ठरवतो. अपर्चरचा आकडा मात्र फोटोच्या माहितीत नोंदला जात नाही. कोणता फोटो कितीवर काढला ते पुढे कळायला हवं असेल तर कागदावर लिहून ठेवा.

दोन कड्या कशासाठी

४४-२ वर अपर्चरसाठी दोन कड्या आहेत. एक टकटक करत आकड्यांवर थांबते, दुसरी अडथळा न येता सुळकन फिरते. पहिलीवर मर्यादा ठरवायची. ती ४ वर ठेवली तर दुसरी कडी २ आणि ४ यांच्यामध्येच फिरते. फिल्म कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर अंधारा व्हायचा, म्हणून उघड्यावर फोकस करायचा आणि न बघता दुसरी कडी अडेपर्यंत फिरवून फोटो घ्यायचा, अशी ही सोय होती.

मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, हे करू नका. व्ह्यूफाइंडर आपोआप उजळतो, म्हणून ज्या अपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करा. उघड्यावर फोकस करून मग बंद केलं की या जातीच्या लेन्सचा फोकस थोडा सरकतो, कारण काचेच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण अगदी एकाच जागी मिळत नाहीत. पहिली कडी १६ वर ठेवून दिली तर दुसऱ्या कडीने एफ/२ ते एफ/१६ मधलं कुठलंही अपर्चर घेता येतं. एफ/२ वर मधला भाग रेखीव असतो, पण त्यावर मऊ, दुधाळ उजाळा असतो. त्वचेला तो छान दिसतो. एफ/२.८ वर तो विरतो आणि पापण्या स्पष्ट सुट्या दिसू लागतात. एफ/४ वर लेन्स चांगलीच धारदार होते. कडेचे कोपरे एफ/२ वर मऊच राहतात, म्हणून डोळा फ्रेमच्या पार कडेला नेऊ नका.

फोकस: साडेतीन सेंटीमीटर

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/२ ला माणूस १ मीटरवर असेल, तर धारदार दिसणारा पट्टा पुढून मागपर्यंत जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असतो. दीड मीटरवर तो ८ सेंटीमीटर होतो. दीड मीटरवरच एफ/२.८ केलं तर ११, एफ/४ केलं तर १६. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सरवर १ मीटरला एफ/२ वर अडीच सेंटीमीटरही मिळत नाही. हे आकडे छापील फोटोच्या जुन्या निकषावरचे आहेत. स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याने निम्मे धरावेत.

आता चेहरा बघा. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत काही सेंटीमीटर, डोळ्यापासून कानापर्यंत त्याहून बरंच जास्त. चेहरा थोडा वळलेला असला की दोन डोळेही एका अंतरावर नसतात. म्हणून कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा धरायचा. तोही बुबुळावर नाही, तर पापणीच्या केसांवर. बुबुळ गुळगुळीत असतं, तिथे फोकस लागला की नाही ते पटकन कळत नाही. पापण्यांचे केस एकतर सुटे दिसतात, नाहीतर त्यांचा एक काळा पट्टा होतो. मधलं काही नसतं, म्हणून ते भरवशाचे.

सर्वात जास्त फोटो बिघडतात ते एका सवयीमुळे. फ्रेमच्या मधोमध डोळा ठेवून फोकस करायचा आणि मग कॅमेरा वळवून रचना साधायची, ही ती सवय. कॅमेरा २० अंशांनी वळवला की १ मीटरवर फोकसचं प्रतल डोळ्याच्या ६ सेंटीमीटर मागे जातं. पट्टा साडेतीन सेंटीमीटरचा आणि चूक सहाची; मग कान लख्ख आणि डोळे पुसट येणारच. १० अंश वळवलं तरी दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. त्यापेक्षा आधी रचना ठरवा, मग फोकस मोठं करून दाखवणारी चौकट जॉयस्टिकने डोळ्यावर न्या, पाच ते दहा पट मोठं करा, फोकस लावा, आणि कॅमेरा न वळवता बटण दाबा. मोठं करण्याची सोय हाताशी येणाऱ्या एखाद्या बटणावर लावून घ्या. मेनूत शोधत बसलात तर तेवढ्यात माणूस हलतो.

पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय, मदतीला चांगली पण निर्णयाला नाही. ती कडांचा ठळकपणा बघते. एफ/२ वरच्या दुधाळ उजाळ्यात खऱ्या डोळ्यापेक्षा चष्म्याची काडी किंवा टिकली जास्त ठळक दिसते आणि रंग तिथे चमकतो. संवेदनशीलता सर्वात कमी पायरीवर ठेवा, रंग लाल निवडा, आणि पीकिंगने अंदाज आला की शेवटचं लक्ष मोठ्या केलेल्या चित्रावर ठेवा. त्याही आधी व्ह्यूफाइंडरजवळचं नंबराचं चाक फिरवून आतली अक्षरं स्वच्छ दिसतील असं करून घ्या. ते चुकलं असेल तर डोळा दिवसभर ताणला जातो.

उभा माणूस स्थिर नसतो, श्वासाबरोबर एक-दोन सेंटीमीटर पुढे-मागे होतोच, आणि फोटो काढणाराही. जमेल तर माणसाला बसवा किंवा पाठीला भिंत, झाडाचा बुंधा असा टेका द्या. रिंगने फोकस अंदाजे लावून घ्या आणि शेवटचा सेंटीमीटर रिंगने न शोधता कमरेतून हळूच पुढे झुकून शोधा. पापण्या सुट्या दिसू लागल्या की तीन-चार फोटो सलग घ्या. या लेन्सची फोकस रिंग लांब फिरते, तिच्याने बारीक बदल करायला वेळ लागतो. झुकणं त्याहून जलद. शटर १/२०० च्या खाली जाऊ देऊ नका. स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल नाही.

किती लांब उभं राहायचं

५८ मिमी ही फार लांब लेन्स नाही. अर्ध्या मीटरवर फोकस लागतो म्हणून तिथून चेहरा काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. कुठल्याही लेन्सने अर्ध्या मीटरवरून चेहरा तसाच येईल. फुल फ्रेमवर कॅमेरा उभा धरून १ मीटरला साधारण ३९ बाय ५८ सेंटीमीटरचा भाग मावतो, म्हणजे चेहरा आणि खांदे. दीड मीटरला ६० बाय ९० सेंटीमीटर, म्हणजे कंबरेपर्यंत. एपीएस-सी कॅमेऱ्यावर मात्र दीड मीटरलाच ३९ बाय ५८ ची फ्रेम मिळते. त्यामुळे नुसत्या चेहऱ्यासाठी या लेन्सबरोबर लहान सेन्सर खरं तर जास्त सोयीचा, कारण तीच फ्रेम लांबून मिळते आणि चेहऱ्याची ठेवण जशीच्या तशी राहते. त्याची किंमत म्हणजे गरगरणारा बाहेरचा भाग सेन्सरच्या बाहेर राहतो.

पार्श्वभूमी का गरगरते

फोकसबाहेरचा उजेडाचा ठिपका पसरून गोल चकती होतो. फ्रेमच्या मध्यावर ती पूर्ण गोल असते. कडेच्या ठिपक्यांचे किरण तिरके येतात आणि त्यांचा काही भाग लेन्सच्या पुढच्या-मागच्या कड्या कापतात. मग कडेची चकती डोळ्याच्या आकाराची होते, दोन्ही टोकांना निमुळती, आणि तिची लांब बाजू केंद्राभोवतीच्या वर्तुळाला धरून राहते. अशा शेकडो चकत्या केंद्राभोवती मांडल्या गेल्या की पाण्यातल्या भोवऱ्यासारखं दिसतं. प्रतिमेचं प्रतल सपाट नसणं आणि कडेला रेषा ताणल्या जाणं, हे या रचनेचे दोष त्यात भर घालतात. एफ/४ केलं की अपर्चरचं भोक त्या कापणाऱ्या कड्यांपेक्षा लहान होतं, सगळ्या चकत्या सारख्या होतात आणि भोवरा थांबतो. म्हणून गरगर हवी तर एफ/२, फार तर त्याच्या जरासं पुढे.

पण चकत्या दिसायला मागे ठिपके हवेत. मोकळं आकाश, रंगवलेली भिंत, दाट सावलीतलं हिरवं कुंपण यांत ठिपकेच नाहीत. झाडाच्या पानांतून उन्हाचे कवडसे येत आहेत आणि ऊन झाडाच्या मागच्या बाजूला आहे, अशी जागा शोधा. बारीक पानांचं झाड, चिंच किंवा गुलमोहर, उत्तम. केळीसारखी मोठी पानं निरुपयोगी. वेळ सूर्य खाली आल्यावरची.

आता अंतर. माणूस कॅमेऱ्यापासून १.२ मीटर आणि पानं ५ मीटरवर असतील तर एका कवडशाची चकती सेन्सरवर सुमारे १.१ मिमीची होते. २४ मिमी रुंद फ्रेममध्ये ती सहज डोळ्यात भरते. माणसाला ३ मीटरवर नेलं आणि पानं त्याच्या मागे ४ मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून ७ मीटरवर राहिली, तर चकती ०.३३ मिमीवर येते आणि मागे नुसता चुरा दिसतो. पहिल्या दिवशीच्या निराशेचं दुसरं कारण हे. पूर्ण उभा माणूस घेण्यासाठी लोक तीन-चार मीटर मागे सरतात आणि भोवरा हरवतो. माणूस एक ते दोन मीटर, पानं त्याच्या मागे तीन ते सहा मीटर, चेहरा फ्रेमच्या मध्याजवळ, आणि कडेच्या भागात कवडसे. एवढं जुळलं की गरगर आपोआप येते. ती चेहऱ्यावर कुरघोडी करू लागली तर एफ/२.८ कडे थोडं सरका.

ऊन

भर उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला शटर साधारण १/१०० लागतं. एफ/२ म्हणजे त्यापासून सहा थांबे उघडं (दर थांब्याला उजेड दुप्पट), म्हणजे १/६४००. ज्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० ला संपतं तिथे फोटो जळतो. उजेड एक अष्टमांश करणारा ४९ मिमीचा एनडी ८ फिल्टर लावला की १/८०० वर काम होतं. नाहीतर माणसाला सावलीत न्या, चेहऱ्यासाठी ते तसंही बरं.

काचांवरचा लेप साधा, एकेरी आहे. सूर्य फ्रेमच्या जवळ आला की सगळ्या चित्रावर धुकट उजेड पसरतो आणि काळे भाग राखाडी होतात. कधी तो हवासा वाटतो. नको असेल तर रबरी हूड लावा, किंवा सोबतच्या माणसाला फ्रेमच्या बाहेरून लेन्सवर वहीची सावली धरायला सांगा. रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने न बदललेली फाइल) काळे भाग थोडे खाली ओढले की चित्र सावरतं, मात्र त्वचेवरचा कॉन्ट्रास्ट फार वाढवू नका, नाहीतर या लेन्सचा मऊपणा निघून जातो.

घेताना आणि ठेवताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे जा किंवा ऑनलाइन घ्या, परीक्षा एकच. दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून बघा. चार धुळीचे कण असले तर असू द्या, ते फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघही चालते. मागच्या काचेवरची चालत नाही, ती सेन्सरच्या जवळ असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू म्हणजे फंगस, बुरशी. सगळीकडे सारखा पसरलेला दुधी थर म्हणजे आतल्या ग्रिसाची वाफ काचेवर बसलेली. पात्यांवर तेल दिसलं तर ४४-२ मध्ये लगेच काही अडत नाही, कारण पाती हाताने फिरतात. पिनवाल्या लेन्समध्ये मात्र ती स्प्रिंगवर चालतात आणि चिकटतात. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर ग्रीस सुकलंय, ते बदलता येतं. पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. आतल्या आट्यांची बरीच तोंडं असतात, सुटताना कोणतं तोंड कुठे सुटलं याची खूण केली नाही तर परत जोडल्यावर फोकसची जागाच बदलते.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कपाटात ठेवलेल्या लेन्सवर फंगस धरायला वेळ लागत नाही. मूळ चामडी खोकं कितीही देखणं असलं तरी त्यात लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहू द्या. जेलचा रंग बदलला की पुड्यावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतं. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी आट्यांत जाते. उन्हात ठेवून फंगस मारायचा विचार असेल तर लेन्स उघडी ठेवून निघून जाऊ नका. ती भिंगच आहे, मागे पडदा असेल तर पेटतो. फंगसचे बीजाणू हवेत असतातच, त्यांना थोपवतो तो कोरडेपणा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दोन्ही रिंगा फिरवा आणि टॉर्च मारून पाहा. काचेच्या कडेला पहिला तंतू दिसला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. वरवरचा थर पुसला जातो. बुरशीने लेप खाल्ला की त्याची नक्षी काचेवर कायमची राहते.